दांडगा मणी, गप्प मणी

कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा असली, की सगळ्यात जास्त खोकला झुंबरबाईला यायचा. टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. बरणीतला प्राणी ओळखायचा आणि त्याचं नाव लिहायचं. एखादी पोरगी तीन नंबरच्या बरणीसमोर घामाघूम होऊन उभी राहिली, की झुंबरबाई फडकं घेऊन तिच्या शेजारून जायची, दोनदा खोकायची आणि फडक्यालाच सांगायची, "ह्या पावसात गांडुळांनी निस्ता वैताग आणलाय बाई." परीक्षा फेब्रुवारीत असायची. बाहेरून आलेले परीक्षक खिडकीतल्या कडक उन्हाकडे बघायचे, मग झुंबरबाईकडे बघायचे. तोवर ती चार नंबरच्या बरणीपाशी पोचलेली असायची.

झुंबरबाई खोत शिकलेली चौथीपर्यंत. नेमणूक शिपायाची, पण एकोणतीस वर्षं तिचा मुक्काम जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. मायक्रोस्कोप पुसणं, काचा धुणं, बरण्यांतलं औषध बदलणं ही तिची कामं. पोरं तिला मावशी म्हणत. बाहुबली मगदूम सर तेवढे 'झुंबरबाई' असं पूर्ण नाव घेत. हे मगदूम सर दर ऑगस्टात मेंडेल शिकवायचे आणि झुंबरबाई त्या दिवशी ठरवून शेजारच्या खोलीत काचा धुवायला घ्यायची. मधल्या दाराला फट होती.

त्या फटीतून तिनं मेंडेल एकोणतीस वेळा ऐकला होता. मठात राहणारा एक माणूस, त्याला वाटाण्याचा नाद. उंच झाडाचा आणि बुटक्या झाडाचा त्यानं संकर केला, तर पोटी सगळी झाडं उंचच निघाली. बुटकेपणा गेला कुठं? तर कुठंच नाही. त्या उंच झाडांची आपसांत पैदास केली, तेव्हा चारातलं एक झाड पुन्हा बुटकं निघालं. सर सांगत, "प्रत्येक गुणाचे दोन वाटे असतात. एक आईकडून येतो, एक बापाकडून. दोन्ही वेगळे असले, तर प्रभावी असतो तो दिसतो आणि अप्रभावी असतो तो दिसत नाही. पण तो मेलेला नसतो. तसाच पुढच्या पिढीकडं जातो."

झुंबरबाईनं याचं आपल्यापुरतं भाषांतर करून ठेवलं होतं. प्रभावी म्हणजे दांडगा आणि अप्रभावी म्हणजे गप्प. दांडगा एक जरी असला तरी घरात त्याचंच चालणार. गप्प असलेला कोपऱ्यात बसून राहणार. पण दोन्हीकडून गप्पच आले, तर मग त्यांना अडवणारं कुणी नाही. हे भाषांतर ती काचा धुता धुता पोरांना सांगायची, पोरांना ते सरांच्या भाषेपेक्षा लवकर कळायचं. एका वर्षी तिघांनी उत्तरपत्रिकेत 'दांडगा जनुक' असंच लिहिलं. सरांनी मार्क दिले आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'शब्द मावशींचा, उत्तर बरोबर.'

झुंबरबाईचं घर उचगावात. नवरा गुंडू फौंड्रीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. एकुलता मुलगा सम्राट गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मशीनवर. सून संयोगिता कोडोलीची, बी.कॉम. झालेली, तोंडानं फटकळ, त्यामुळं सासूची लाडकी. आणि दहा महिन्यांची नात. तिचं नाव क्रांती. नाव झुंबरबाईनंच ठेवलं होतं. पाळण्यात घातल्या घातल्या पोरीनं नाव सांगायला वाकलेल्या चुलत आत्याच्या नथीला हात घातला, तेव्हाच ते ठरलं.

पोरगी बाळसेदार, हसरी. डोळे मात्र घारे. मधात थोडं पाणी घालावं तसला रंग. जन्मली तेव्हा राखाडी वाटत होते, बाया म्हणाल्या बदलतील. महिने गेले तसे ते आणखी उजळ झाले. सम्राटचे डोळे काळेभोर, संयोगिताचेही काळेभोर. झुंबरबाईनं हे पाहिलं आणि मनात म्हणाली, गप्प, गप्प. तिला त्यात गंमतच वाटली. एकोणतीस वर्षं फटीतून ऐकलेली गोष्ट आता घरात रांगत होती.

गंमत संपली ती कुरुंदवाडहून अंबूबाई आली त्या दिवशी.

अंबूबाई म्हणजे गुंडूची थोरली बहीण. वय बाहत्तर, आवाज वीस वर्षांच्या पैलवानाचा. नरसोबाच्या वाडीचे पेढे घेऊन आली, पोरीला मांडीवर घेतलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाली, "आगं बया, ही तर मांजर हाय!"

"घारी हाय, वन्सं," झुंबरबाई म्हणाली.

"ते दिसतंय की मला. पर कुणावर गेलीया? आमच्या सात पिढ्यांत असलं डोळं न्हाईत बाई."

हे ती उंबऱ्यात बसून म्हणाली. दोन्ही बाजूंची तीन-तीन घरं मिळून सहा घरांनी ते ऐकलं. आत पोळ्या लाटणाऱ्या संयोगिताचं लाटणं थांबलं. आणि नेमका तेव्हाच पहिल्या पाळीवरून परतलेला सम्राट दारात गाडी लावत होता.

त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत सम्राट बदलला. आल्या आल्या पोरीला उचलायचा, तसा उचलायचा, पण तोंडाजवळ धरून डोळ्यांत बघत राहायचा आणि मग हळूच खाली ठेवायचा. जेवताना मोबाईल, त्यावर कारखान्यातल्या एका मित्राचे मेसेज. बायको बोलली तर हूं. एका दुपारी संयोगितानं त्याचा मोबाईल सासूपुढं ठेवला. त्यात त्यानं काय काय शोधलं होतं त्याची यादी होती. सगळ्यात वर होतं, 'डीएनए टेस्ट कोल्हापूर'.

संयोगिता रडली नाही. म्हणाली, "आई, मी टेस्टला तयार हाय. पण ज्या दिवशी टेस्ट, त्याच दिवशी मी क्रांतीला घिऊन कोडोलीला. मग रिपोर्टात काय बी येऊ दे. मला तो वाचायचाच न्हाय."

झुंबरबाईनं मोबाईल पदरानं पुसला, जसा ती मायक्रोस्कोप पुसायची. "जावळ हुईपर्यंत थांब," एवढंच ती म्हणाली. जावळाला तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सम्राटला चहापोहे खाताना गाठलं. गुंडू शेजारीच बसला होता.

"काय रं, टेस्ट करायची हाय म्हणं तुला?"

सम्राटच्या घशात पोहे अडकले. मग मात्र त्यानं मान वर केली. "आई, मी मोबाईलवर नीट वाचलंय. घारं डोळं दोन्हीकडनं यावं लागत्यात. एका बाजूनं भागत न्हाय."

"बरोबर वाचलंस."

"संयोगिताची आजी घारी हाय, कबूल. तिच्याकडनं आलं. पण आपल्यात कोण हाय? आत्ती म्हणाली, सात पिढ्यांत कुणी न्हाय."

"तुझ्या आत्तीनं सात पिढ्या मोजल्यात व्हय? तिला स्वतःच्या चपला दारात सापडत न्हाईत."

"पण आपल्यात हाय तरी कोण? दाखीव की."

"अर्धं वाचलंस बघ. दोन्हीकडनं यावं लागतं, व्हय. पण दोन्हीकडं दिसावंच लागतं असं कुठं हाय? गप्प बसलेला असतोय तो. तुझ्यात बी असंल, तुझ्या बापात बी असंल."

सम्राटनं पोहे चिवडायला घेतले. त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या कपाळावरच दिसत होतं. मग झुंबरबाईनं हातातला पेला खाली ठेवला.

"बरं, मला एक सांग. गुंडू खोतच तुझा बाप, हे तुला कुणी सांगितलं?"

"काय बोलायलीस आई!"

"मीच सांगितलं न्हवं? माझ्याच तोंडावर बत्तीस वर्षं विश्वास ठेवलास. टेस्ट केली न्हाईस. मग तिच्या तोंडाला काय झालं?"

गुंडूला चहाचा असा ठसका लागला की शेजारची तानाबाई भिंतीपलीकडून "पाणी प्या, भावजी" म्हणाली.

पोरगा शरमला खरा, पण शरम आणि शंका एका घरात सुखानं राहतात. झुंबरबाईला ते ठाऊक होतं. त्या दुपारी ती मगदूम सरांपुढं जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं, फक्त नावं बदलून, शेजारणीच्या घरचं म्हणून. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या नातीचे डोळे कधीपासून घारे आहेत, झुंबरबाई?"

"दहा महिने झाले की," झुंबरबाई म्हणाली आणि दोघंही हसली.

मग सर गंभीर झाले. "हे बघा, डोळ्यांचं गणित वाटाण्याएवढं सोपं नसतं. एकच जनुक नाही, बरीच जनुकं मिळून तो रंग ठरवतात. म्हणून डोळ्यांवरून कुणाच्या बापाचा निवाडा करायचा नसतो. पण काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होतं. होऊ शकतं नव्हे, होतं. कितीतरी घरांत झालेलं आहे."

"म्हणजे आमच्यात कुणीतरी गप्प बसलंय."

"पिढ्यान्‌पिढ्या बसू शकतं."

"सर, मण्यांच्या दोन वाट्या नेऊ का घरी? मेंडेलच्या प्रयोगाच्या?"

"परत आणा."

"एका वाटीत ऐंशी. मला पाठ हाय."

आता राहिला एकच प्रश्न. गप्प बसलेला आला कुठून? झुंबरबाईनं आधी आपलं माहेर आठवून पाहिलं. आई, वडील, मामा, मावश्या, सगळे काळ्या डोळ्यांचे. मग गुंडूला धरलं.

"अवं, तुमच्यात घारं कोण हुतं?"

"मला काय म्हायीत."

"तुमचा आज्जा?"

"मी जन्मायच्या आधीच गेला. अक्कानं बघितलाय. तिला इचार."

इथंच सगळं अडत होतं. अंबूबाईला सरळ विचारून आजवर कुणाला सरळ उत्तर मिळालेलं नव्हतं. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं, की ती म्हणायची जास्त झालंय. पाऊस येईल म्हटलं, की वाळवण घालायची. पस्तीस वर्षांच्या संसारात झुंबरबाई एक गोष्ट नक्की शिकली होती. वन्संकडून काही काढून घ्यायचं, तर मागायचं नाही. ते दुसऱ्याला देऊन टाकायचं.

जावळ एका रविवारी झालं. दारात मांडव, कोडोलीहून संयोगिताचं सगळं माहेर आलेलं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं, म्हणून तिचा भाऊ आदर्श नवा शर्ट घालून आला होता. त्याच्या त्या शर्टावर पोरीनं पहिल्या पाच मिनिटांतच आपला ओला निषेध नोंदवला. संयोगिताची आजी शालूबाईही आली होती. वय ब्याऐंशी, जाड भिंगांचा चष्मा, आणि भिंगामागं दोन मोठे घारे डोळे. अंबूबाई तिच्याकडं बघायची आणि दुसरीकडं बघायची.

जावळ झालं. पोरीचं डोकं नारळासारखं गुळगुळीत झालं आणि डोळे आता आधीपेक्षाही मोठे दिसायला लागले. मंडळी हात धुवून पंगतीची वाट बघायला लागली. पण मटण अजून शिजायचं होतं. शिजणार कसं? झुंबरबाईनं चूल मुद्दाम पाऊण तास उशिरा पेटवायला लावली होती.

"अजून अर्धा तास हाय मंडळी," ती मांडवाच्या मधोमध स्टूल ठेवत म्हणाली, "तवर एक खेळ खेळूया. कॉलेजातला हाय."

स्टुलावर तिनं दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत काळे आणि पांढरे मणी निम्मे-निम्मे मिसळलेले. वर फडकं.

"ही वाटी आईची, ही बापाची. डोळं मिटायचं, हिच्यातनं एक मणी घ्यायचा, तिच्यातनं एक. काळा मणी दांडगा. दोन्हींतला एक जरी काळा निघाला, तर लेकराचं डोळं काळं. दोन्ही पांढरं निघालं, तरच घारं. आता बघा, आईबाप दोघंबी काळ्या डोळ्यांचंच बरं का. पण दोघांच्याबी पोटात एकेक पांढरा मणी गप्प बसलेला." मग मगदूम सरांची आठवण होऊन ती म्हणाली, "खरं गणित ह्याच्यापेक्षा लई मोठं असतंय, त्याला पोतंभर मणी लागतील. पण तेवढं शिकवत बसलो, तर मटण करपंल."

भुकेली माणसं कुठल्याही खेळाला तयार असतात. आधी आदर्शनं मणी काढले. दोन्ही काळे. मग न्हाव्यानं काढले. एक काळा, एक पांढरा. "काळं डोळं," झुंबरबाई ओरडली, "पण पांढरा हाय बरं का आत!" तानाबाईनं काढले, काळा-पांढरा. तिच्या सुनेनं काढले आणि दोन्ही पांढरे निघाले, तशी बाया टाळ्या वाजवायला लागल्या. काळ्या डोळ्यांच्या आईबापांच्या वाट्यांतून घारं लेकरू निघालं होतं. मग रांगच लागली. मागं खुर्चीवर बसलेला सम्राट आधी मोबाईल बघत होता. त्यानं तो कधी खिशात ठेवला ते त्याला कळलं नाही.

"काय खुळ्याचा खेळ हाय," अंबूबाई म्हणाली.

"वन्सं, तुमच्यानं न्हाई व्हायचं ते," झुंबरबाई म्हणाली.

अंबूबाई ताडकन उठली. डोळे मिटले, हात घातले. दोन्ही काळे. "परत," ती म्हणाली. काळा-पांढरा. "थांब, परत." पुन्हा काळा-काळा. मांडवात हसू पिकलं. पाचव्या वेळेला तिच्या तळहातावर दोन पांढरे मणी पडले. तिनं ते कुस्ती जिंकल्यासारखे वर धरले आणि मग आपण काय जिंकलो हे ध्यानात येऊन हात झटकन खाली घेतला.

"ते वाटीचं झालं," ती म्हणाली. "वाटीत तू पांढरं मणी घातलंस, म्हणून निघालं. आमच्या गुंडूच्या घरात पांढरा मणी आला कुठनं?"

मणी काढायची रांग जागीच थांबली. संयोगिता पोरीला घट्ट धरून उभी होती. हाच प्रश्न महिनाभर घरात फिरत होता, तो आता उघडपणे सगळ्यांपुढं उभा राहिला होता.

झुंबरबाईनं मोठा सुस्कारा सोडला. "खरं हाय वन्सं तुमचं. एक मणी शालूआजींकडचा, ते तर दिसतंयच. दुसरा माझ्या माहेरचा असणार. माझ्याकडनं सम्राटला आला, सम्राटकडनं पोरीला. तुमच्या खानदानाचा ह्यात काय बी हात न्हाय."

"मग तसं म्हण की," अंबूबाई म्हणाली.

"म्हणतेच हाय. एवढं देखणं डोळं, मघाशी फोटोवाला म्हणाला, असलं डोळं कोल्हापुरात फिरून बघितलं न्हाईत. सगळं माझ्या माहेरचं. आमचं रक्तच तसं. खोतांच्या घरात काळ्याला काळं, काळ्याला काळं. त्यांनी तरी बिचाऱ्यांनी कुठनं आणायचं?"

'बिचाऱ्यांनी' हा शब्द तिनं जरा लांबवून म्हटला.

अंबूबाईच्या नाकपुड्या फुगल्या. तिनं एकदा पोरीकडं बघितलं, एकदा झुंबरबाईकडं. ती बराच वेळ तोंड दाबून बसली असती, पण तेवढ्यात शालूबाई आपल्या कातर आवाजात म्हणाली, "भाग्य लागतं बाई असल्या डोळ्याला."

"कसलं माहेर आणि कसलं काय!" अंबूबाई गरजली. "झुंबरे, तुझ्या माहेरात सगळी कोळशाच्या खाणीतनं आल्यागत! हे डोळं आमच्या आज्ज्याचं हायत! दत्तू खोत पैलवान! मांजऱ्या पैलवान म्हणायचे त्याला त्या काळातल्या तालमीत! समोर शड्डू ठोकला की निम्मी जोडीदार पोरं डोळं बघूनच पाठ टेकायची! आणि ही म्हणतीया, हिच्या माहेरचं!"

ती बोलली आणि थांबली. हात हवेतच राहिला.

कुणाच्या तरी हातातली ताटली खाली पडली. मग सगळ्यात आधी हसला तो गुंडू. चाळीस वर्षं फौंड्रीच्या आवाजात गप्प राहिलेला माणूस पोट धरून हसत होता. "अक्का, आज्जा मांजऱ्या हुता व्हय? आणि मला साठ वर्षांनी सांगतीस!"

झुंबरबाईनं हळूच फडक्यानं वाट्या झाकल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त तिला खोकला आला. "असू दे मग, वन्सं," ती नमतं घेत म्हणाली, "तुमचंच खरं. तुमच्याच आज्ज्याचं." आणि स्वयंपाकघराकडं वळून ओरडली, "पंगत मांडा गं, मटण शिजलं!"

पंगत उठल्यावर बाया भांडी आवरत होत्या, तेव्हा अंबूबाई चुलीपाशी येऊन पाटावर बसली. आवाज खाली आलेला. पस्तीस वर्षांत झुंबरबाईनं तो आवाज ऐकला नव्हता.

"तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"व्हय."

"सरळ इचारायचं हुतं."

"तुम्ही सांगितलं असतं?"

अंबूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माझं लगीन ठरलं कुरुंदवाडला, तवा आईनं माझ्याकडनं शपथ घेतली. आज्ज्याचं डोळं कुठं बोलायचं न्हाईत. सासरची माणसं लई शंकेखोर हुती, कळलं तर लगीनच मोडलं असतं. आणि लपवल्यावर घारं लेकरू झालं तर इचारतील, कुणाचं म्हणून. आणि तवा सांगायला कोण हुतं, मणी-बिणी? तीन बाळंतपणं झाली माझी. लोक बोटं मोजत्यात, मी आधी पापण्या उघडून बघायची. तिघांचंबी काळं निघालं, तवा कुठं पाणी घशाखाली गेलं."

झुंबरबाईनं आपल्या हातानं रश्श्याची वाटी भरून अंबूबाईपुढं ठेवली.

"आणि तेच मी ह्या पोरीच्या आईला केलं," अंबूबाई म्हणाली. मग उठली, बाहेर गेली आणि मांडवात खुर्च्या गोळा करणाऱ्या संयोगितापुढं उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पोरी, माझं चुकलं." तिला दबक्या आवाजात माफी मागताच येत नव्हती. सहा घरांनी हेही ऐकलं.

संयोगितानं तिला वाकून नमस्कार केला. नवऱ्याला मात्र एवढ्यावर सोडलं नाही.

त्याच संध्याकाळी सम्राट तिच्या मागं मागं फिरत होता. "आता कळलं मला. आज्ज्याचंच हाय की."

"आणि आज्जा निघाला नसता तर?" संयोगितानं विचारलं.

ती माहेरच्या माणसांबरोबर त्याच गाडीतून कोडोलीला गेली, पोरीला घेऊन. सम्राटनं आईकडं बघितलं. आईनं त्याच्याकडं पाठ करून वाट्यांतले मणी मोजायला घेतले.

पुढचे चार रविवार सम्राट मोटरसायकलवरून कोडोलीला गेला. पहिल्या रविवारी सासऱ्यानं चहा दिला आणि बायको शेतात गेली आहे असं सांगितलं. दुसऱ्या रविवारी ती भेटली, पण बोलली पोरीच्या दुधाबद्दल आणि लशीबद्दल. तिसऱ्या रविवारी शालूबाईनं त्याला समोर बसवलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "बघ जावाईबापू, नीट बघून घे. पुन्हा शंका नगं." आणि अर्धा तास त्याला तसंच बसवून ठेवलं. सम्राट सांगतो, मशीनवर दोन पाळ्या सलग केल्या तरी एवढा दमलो नव्हतो.

चौथ्या रविवारी संयोगितानं एक अट घातली. ज्या मित्राच्या सांगण्यावरून टेस्टचं खूळ डोक्यात घेतलं होतं, त्याला कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांदेखत सगळी हकीकत सांगायची. स्वतःच्या तोंडानं. सम्राटनं सांगितली. कँटीन आठवडाभर हसलं आणि सम्राटला 'मांजऱ्या' हे नाव पडलं. त्याचे डोळे काळेभोर असले तरी ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. त्या शनिवारी संयोगिता परत आली.

अंबूबाईचं म्हणाल, तर तिनं आता कुरुंदवाडात नवीनच उद्योग मांडला आहे. दत्तू पैलवानाच्या कुस्त्या ती अशा सांगते, जणू पहिल्या रांगेत बसून बघितल्या आहेत. दर महिन्याला पैलवानाचे डोळे थोडे अधिक घारे होतात. परवा तिनं फोन करून झुंबरबाईला झापलं, "पोरीचा फोटो अजून धाडला न्हाईस. आणि चेहऱ्यावर ऊन पडलेला काढ, सावलीतला नगं. डोळं दिसाय पायजेत."

"धाडते की, वन्सं," झुंबरबाई म्हणाली. "पण पोरीचं नाक मात्र माझ्यावर गेलंय बरं का."

पलीकडून लगेच पैलवानी आवाज आला, "तुझ्यावर? अगं, ते नाक तर..."

झुंबरबाईनं फोन स्पीकरवर टाकून ताकाच्या भांड्याशेजारी ठेवला, संयोगिताला डोळा मारला आणि रवी फिरवायला घेतली. नाकाची हकीकत वीस मिनिटं तरी चालणार होती.